‘मावशी, येतो नाही, येते म्हणा’

“शहर चांगलं आहे. माणसंही वाईट नाहीत. तरी मन लागत नाही. माझंच काही चुकतंय का?”

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य थोड्याफार फरकाने वर्षभर ऐकू येतं. बँकेतल्या बदलीवर आलेले, विद्यापीठात रुजू झालेले, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी लागलेले, ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून एखाददुसरं वकील कुटुंबही. बहुतेक वेळा बोलायला येते ती नोकरीवर आलेल्या माणसाची बायको. नोकरी करणाऱ्याला कंपनीत पहिल्याच दिवशी चहाला चार माणसं मिळतात. बायकोला मिळतो तो रिकामा फ्लॅट, गॅसवाल्याचा नंबर आणि “तुला काय कमी आहे इथे?” हा प्रश्न.

मीरा (नाव आणि काही तपशील बदललेत, लिहिण्याआधी तिला विचारलंय) जानेवारीत माझ्याकडे आली. वय 36. मूळची डोंबिवलीची. नवरा कागलच्या एका फाउंड्रीत, मुलगा चौथीत. तिची स्वतःची नोकरी मुंबईच्या कंपनीतली, घरून चालणारी. आधीच्या जूनमध्ये शाळा सुरू होताना सगळे इथे आले आणि नागाळा पार्कात तळमजल्यावर भाड्याने राहिले. दर पंधरा दिवसांनी ती मुलाला घेऊन रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची आणि पहाटे कल्याणला उतरायची.

तिने तक्रारींची यादी फोनमध्ये लिहूनच आणली होती. शेजारच्या काकू पहिल्या भेटीत विचारतात, “कुठलं तुम्ही? तुमचं पाहुणं कुठलं? भाडं किती देतायसा?” मुलगा शाळेतून येऊन “आई, लई भारी” आणि “काय भावा” बोलायला लागलाय. रात्री दहानंतर कुठे जावं कळत नाही. आणि कामाच्या मावशी आठ दिवसांपासून तोंडाला कुलूप लावल्यासारख्या वागतायत.

“मावशींचं काय झालं?” मी विचारलं. यादीत तेच मला सगळ्यांत वेगळं वाटलं.

झालं होतं असं. मावशी रोज निघताना म्हणायच्या, “वैनी, मी जातो. उद्या जरा उशिरा येतो.” मीराला वाटायचं, या आपली चेष्टा करतायत, नाहीतर यांना येत नाही. एक दिवस ती हसत, अगदी प्रेमाने म्हणाली, “मावशी, येतो नाही, येते म्हणा.” मावशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या “झालं” एवढंच म्हणून निघायला लागल्या.

मी हसले. मग तिला सांगितलं की इथल्या कितीतरी बायका “मी आलो, मी जातो” असंच बोलतात. ती चूक नव्हे, इथली रीत आहे. मी स्वतः 19 वर्षांपूर्वी नाशिकहून आले तेव्हा भाजीवालीने “मी सांगतो तुम्हाला” म्हटल्यावर मागे कोणी पुरुष उभा आहे का ते वळून पाहिलं होतं. मीराचा चेहरा उतरला. “म्हणजे मी त्यांना त्यांच्याच गावात मराठी शिकवली?”

तसंच काहीसं. पण मुद्दा तेवढाच नव्हता.

पुढे जाण्याआधी एक काम मी प्रत्येकाच्या बाबतीत करते, तिच्याही केलं. झोप कशी आहे, जेवण जातं का, आवडीच्या गोष्टी अजून आवडतात का, जगणं नकोसं वाटतं का. गाव बदलल्यावर उदास वाटणं वेगळं आणि नैराश्याचा आजार वेगळा. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज, दिवसभर मन खचलेलं असेल, झोप-भूक उडाली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर हा प्रश्न गावाचा राहत नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट उपलब्ध आहे. मीराचं तसं नव्हतं. झोप थोडी बिघडली होती, चिडचिड वाढली होती. पण डोंबिवलीला पोचल्यावर ती पूर्वीसारखी हसत-खेळत असायची.

दुसऱ्या भेटीत मी तिला विचारलं, “सकाळी उठल्यावर पहिली गोष्ट काय करतेस?”

ती जरा लाजली. “एम-इंडिकेटर उघडते.”

मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते, लोकल गाड्यांचं वेळापत्रक दाखवणारं हे अ‍ॅप. कोल्हापुरात बसलेली, घरून काम करणारी बाई रोज सकाळी बघत होती की 7:42 ची लोकल वेळेवर आहे की नाही. मी तिला त्या गाडीबद्दल बोलू दिलं. अर्धा तास ती बोलली. लेडीज डबा, दुसऱ्या दरवाजाजवळची जागा, चौघीजणींचा ग्रुप. त्यातल्या दोघींची आडनावं तिला आठ वर्षांत कळली नव्हती. पण एकीच्या सासूचं ऑपरेशन, दुसरीच्या मुलीची दहावी, सगळं तोंडपाठ. दसऱ्याला डब्याची पूजा, संक्रांतीला चालत्या गाडीत हळदीकुंकू.

“आणि डोंबिवलीत शेजारी कोण राहायचं?”

तिला नाव आठवायला वेळ लागला.

तिला वाटत होतं की तिला मुंबई आठवते, मॉल, नाटकं, रात्री उशिरापर्यंत जागं असणारं शहर. मला ऐकू आलं ते वेगळं. तिला रोज तीच जागा, तीच वेळ आणि तीच चार तोंडं आठवत होती. तिथे कोणी बोलावल्याशिवाय जाता येत होतं आणि एखाद्या दिवशी नाही गेलं तर चौकशी होत होती. कोल्हापुरात याला कट्टा म्हणतात. तालमीच्या दारातला, चहाच्या गाड्यावरचा, गंगावेशीत समोर म्हैस पिळून ग्लास हातात देतात त्या दूधकट्ट्यावरचा. मध्यम आकाराच्या शहरात मनोरंजनाची ठिकाणं मोजकी असतात हे खरं, पण कट्टे ढिगाने असतात. नव्या माणसाला ते दिसत नाहीत कारण त्यांच्यावर पाटी नसते. आणि बाईमाणसाला त्यातले निम्मे बंद असतात, हेही सांगून टाकते. शहराचं कौतुक करताना ते झाकायचं कारण नाही.

म्हणून गृहपाठ दिला. सहा आठवडे, एकच जागा, एकच वेळ. ओळख करून घ्यायची नाही, फक्त जायचं. तिने घराजवळचं महावीर उद्यान निवडलं, सकाळी साडेसहा. तेवढ्यासाठी अ‍ॅप काढून टाक वगैरे मी सांगितलं नाही. माणूस आधार सोडतो तो दुसरा हाताला लागल्यावर.

काकूंच्या प्रश्नांचं काय करायचं यावर मात्र आमचा वाद झाला. मीराचं म्हणणं, भाडं विचारणं हा उद्धटपणा आहे. माझं म्हणणं, मोठ्या शहरात माणूस पत्त्यावरून ओळखतात, इथे नात्यावरून. “पाहुणं कुठलं” म्हणजे तुमचे सोयरे कुठले. त्यात एखादा दुवा सापडला की तुम्ही परके उरत नाही, अमक्याच्या भावजयीच्या गावचे होता. तुमचं काम मग त्या दुव्यावरून होतं. पण हे सांगताना मी तिच्यापाशी गुळगुळीत बोलले नाही. या प्रश्नामागे कधीकधी जात शोधलेली असते. काहींना त्यावरून घर नाकारलेलं मी याच खोलीत ऐकलंय. ज्या शाहू महाराजांनी 1902 मध्ये मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखल्या, बाहेरगावच्या सगळ्या जातींच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी केली, त्यांच्या शहरात. दसरा चौकाच्या आसपास ती बोर्डिंगं अजून उभी आहेत. तेव्हा प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायची सक्ती नाही. कशाचं उत्तर द्यायचं, कशावर हसून “असंच आपलं” म्हणायचं, हे आधी ठरवून ठेवायचं. मीराने ठरवलं: गाव सांगायचं, मुलाची शाळा सांगायची, भाडं आणि पगार नाही. उत्तर तयार असलं की प्रश्न टोचत नाही, हे तिचं तिलाच दोन आठवड्यांत कळलं.

एका भेटीला नवऱ्यालाही बोलावलं. भला माणूस. “मी तिला सारखं सांगतो, जरा मिसळ की लोकांत.” (कोल्हापुरात हा शब्द जपून वापरावा, भूक लागते.) मी त्याला विचारलं, तुम्ही सात महिन्यांत किती नव्या माणसांशी बोललात? तो मोजायला लागला आणि चाळीसच्या पुढे थांबला. बायकोच्या वाट्याला किती आली असतील? तो गप्प बसला. नंतर एवढंच झालं की तो शनिवारी कंपनीतल्या दोन कुटुंबांना घरी जेवायला बोलवायला लागला. डोंबिवलीच्या फेऱ्या बंद करा असं मी दोघांनाही सांगितलं नाही. फक्त पंधरवड्याऐवजी महिन्यातून एकदा करून बघा म्हटलं, कारण दर दुसरा शनिवार-रविवार बाहेर काढला तर इथल्या ओळखीला उगवायला वारच उरत नाही.

मुलाची काळजी तर मी तिथल्या तिथे निकालात काढली. शाळेतली पोरं पाटाकडील की खंडोबा यावर भांडत होती आणि हा त्यात एक बाजू घेऊन उभा होता. कोल्हापुरात फुटबॉलचा संघ पेठेचा नाहीतर तालमीचा असतो, शाहू स्टेडियमवर सामना असला की घराघरात तो विषय. नवव्या वर्षी ज्याला “भावा” म्हणायला कोणी मिळालं, त्याच्यासाठी आईने झोप घालवू नये. प्रमाण मराठी शाळा शिकवेल.

एक भीती मात्र तिची अगदी खरी होती, पुराची. पहिल्याच जुलैत काकूंनी तिच्या हॉलच्या खिडकीकडे बोट करून सांगितलं होतं, “2021 ला हितपतोर पाणी होतं.” घर घेताना कोणी हे बोललं नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं. नव्या माणसाला मी एक प्रश्न घोकूनच पाठवते: भाडं ठरवण्याआधी, मालकाला नव्हे, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा की 2019 ला आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. त्या दोन्ही वर्षी ती 55 च्या वर गेली. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, 2019 ला उपसा केंद्रं बुडाल्याने नळही कोरडे पडले होते. त्यामुळे घर विकत घ्यायची घाई करू नका, निदान एक पावसाळा भाड्याच्या घरात काढा. भाडेकरार लेखी आणि नोंदवलेला असू द्या. कायद्याने तो नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे, पण पाठपुरावा तुम्हीच करा.

मे महिन्यात मीराचा अकरा महिन्यांचा करार संपला. तिला त्याच भागात, पण वरच्या मजल्यावर घर हवं होतं. महावीर उद्यानातल्या बायका एव्हाना तिच्याशी बोलायला लागल्या होत्या आणि ती जागा तिला सोडायची नव्हती. घर कोणी शोधून दिलं? भाडं विचारणाऱ्या काकूंनी. कुठल्या गल्लीत कोणाचा दुसरा मजला रिकामा होतोय, आधीचा भाडेकरू किती देत होता, मालक कसा आहे, सगळं त्यांच्याकडे तयार होतं. तीन दिवसांत घर मिळालं. दलाली वाचली. त्या दिवशी मीराने मला फोन करून सांगितलं, “मॅडम, मी त्यांना भाडं सांगितलं.”

मावशींचा अबोला आधीच सुटला होता. मी तिला माफी माग असं म्हटलं नव्हतं. मावशींना ती माफी आणखी अवघड गेली असती. मी म्हटलं होतं, त्यांना काहीतरी विचार, जे तुला खरंच येत नाही. फेब्रुवारीत एकदा तिने पांढरा रस्सा करायला घेतला आणि तो फाटला. मावशी भांडी घासत होत्या. मीराने पातेलं तसंच त्यांच्यापुढे धरलं. मावशींनी वास घेतला, चमच्याने ढवळलं आणि आठ दिवसांचं नव्हे, महिन्याभराचं एकदम बोलल्या: नारळाचं दूध उकळत्यात घालायचं नसतं, आच बारीक करून शेवटी घालायचं, आणि हे कोणी शिकवलं तुम्हाला? फोननं? निघताना दारात थांबून म्हणाल्या, “जातो मी.” मीराने म्हटलं, “या.”

मावशी सुतारवाड्यात राहतात. नदी फुगली की शहरात पहिल्यांदा जिथे पाणी शिरतं त्यांतली ही वस्ती. तेव्हा तिथली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवतात.

मीराच्या कंपनीने आता आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात या म्हणून सांगितलंय. ती काय करणार हे अजून ठरलेलं नाही. कदाचित नोकरी बदलेल, कदाचित सगळेच परत जातील. त्यासाठी ती पुढच्या महिन्यात येणार आहे. परवा रात्री साडेदहाला मात्र तिचा मेसेज आला. आधी मला वाटलं, ऑफिसचंच काहीतरी असेल.

“बंधारा 40 फूट 2 इंच. मावशी आणि त्यांच्या दोन नाती आमच्याकडे झोपल्यात. तुमच्या बाजूला ठीक आहे ना सगळं?”