फोर्टनाइट हा एक गेम न राहता रोब्लॉक्ससारखा (लोकांनी बनवलेले असंख्य गेम एकाच ॲपमध्ये देणारा) प्लॅटफॉर्म का होतोय?

कारण एका गेमला खेळाडू कधी ना कधी कंटाळतात, आणि तेव्हा ते दुसऱ्या ॲपकडे न वळता आपल्याच लॉबीत राहावेत, हे फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक कंपनीला हवंय. दुसऱ्यांच्या कल्पनांची उचलेगिरी यांना नवी नाही: २०१७ मधला बॅटल रॉयल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो) मोडच पब्जीच्या यशानंतर आला, २०२१ चा इम्पोस्टर्स तर सरळसरळ ‘अमंग अस’ या लपलेला घातपाती शोधायच्या गेमच्या वळणाचा. डिसेंबर २०२३ मध्ये लेगो फोर्टनाइट (माइनक्राफ्टची सर्व्हायव्हल बाजू), रॉकेट रेसिंग आणि फेस्टिव्हल एकाच आठवड्यात आले. फेस्टिव्हल हा संगीताचा मोड मात्र ‘रॉक बँड’ हा मूळ संगीत-गेम करणाऱ्या हार्मोनिक्सनेच बनवला. तो स्टुडिओ एपिकने आधीच विकत घेतला होता. रोब्लॉक्सची खरी नक्कल मार्च २०२३ च्या यूईएफएनमध्ये (अनरियल एडिटर फॉर फोर्टनाइट) दिसते: पीसीवर एपिकच्या अनरियल या गेम इंजिनची टूल्स आणि व्हर्स ही प्रोग्रामिंग भाषा वापरून कुणीही आयलंड, म्हणजे फोर्टनाइटमधला स्वतःचा गेम, बनवू शकतो. आयटम शॉप (गेममधलं पोशाख वगैरेंचं दुकान) वगैरेच्या निव्वळ कमाईतला ४०% हिस्सा, लोक कुठे किती खेळतात त्यानुसार, आयलंडवाल्यांत वाटला जातो. पण त्या वाटपात एपिकचे स्वतःचे मोडही बसतात, त्यामुळे ‘४०% क्रिएटर्सना’ असं वाचलंत तर ते अर्धंच खरं.