दिवाण आणि दिवाणखाना: कोणाचे नाव कोणावरून?

घरातील वस्तूंच्या मराठी नावांची अर्थांसह यादी तयार करणाऱ्या एका सदस्याने ‘दिवाण’ या शब्दाविषयी तीन गोष्टी विचारल्या आहेत. भिंतीलगत ठेवलेल्या दिवाणावरून त्या खोलीला दिवाणखाना हे नाव पडले का, संस्थानचा कारभारी असलेला दिवाण आणि बसण्याचा दिवाण यांच्या नावांतील साम्य हा केवळ योगायोग आहे का, आणि ‘दिवाणा’ या शब्दाचा या दोहोंशी काही संबंध पोहोचतो का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की नामकरणाची दिशा नेमकी उलटी आहे. दुसऱ्याचे उत्तर असे की हा योगायोग नाही, दोन्ही एकच शब्द आहेत. तिसऱ्या प्रश्नात सुचवलेला संबंध खरा नाही, मात्र तो जोडण्याचा मोह फार जुना आहे. यापुढे सविस्तर लिहितो, कारण या शब्दाचा प्रवास मूळ टप्प्यांसह पाहिल्याखेरीज ही उत्तरे पटण्यासारखी नाहीत.

आज मराठीत दिवाण म्हटले की डोळ्यांसमोर येते ते डोक्याकडे उंच फळी नसलेले, भिंतीला लावून ठेवलेले, दिवसा बसायचे आणि रात्री झोपायचे लांबट आसन. त्यावर गादी, पाठीशी लोड किंवा तक्के, आणि बहुधा खाली अंथरूण-पांघरूण ठेवण्यासाठी पेटीसारखी जागा असते. पलंगाला पाठ असते, दिवाण पाठीसाठी भिंतीचा आधार घेतो, हा या दोहोंतील भेद मला महत्त्वाचा वाटतो, कारण भिंतीलगत असणे हा गुण या शब्दाला त्याच्या इतिहासातून मिळालेला आहे. हा अर्थ शब्दाच्या सगळ्या अर्थांत धाकटा आहे. सर्वांत थोरला अर्थ शोधायचा तर आसन, खोली, कारभारी या सगळ्यांना मागे टाकून लेखणीपर्यंत जावे लागते.

मध्य फारसी, म्हणजे इस्लामपूर्व सासानी काळातील इराणच्या भाषेत ‘देवान’ म्हणजे लेखांचा संग्रह, नोंदींचे दप्तर. हा शब्द प्राचीन फारसीतील ‘दिपि’, म्हणजे कोरलेला किंवा लिहिलेला लेख, या शब्दाच्या कुळातला आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ५२० च्या आसपास इराणचा सम्राट दारियस याने तेथील बेहिस्तूनच्या कड्यावर जो त्रैभाषिक लेख कोरविला, त्यातील प्राचीन फारसी मजकुरात त्या लेखालाच ‘दिपि’ म्हटले आहे. बहुतेक अभ्यासक याचे मूळ आणखी मागे नेतात: दिपि हा शब्द इराणच्या नैर्ऋत्येकडील प्राचीन एलामी भाषेतून आला, एलामीने तो प्राचीन इराकातील अक्कादी भाषेच्या ‘तुप्पु’वरून घेतला, आणि अक्कादीने तेथल्याच त्याहून जुन्या सुमेरी भाषेच्या ‘दुब’वरून. सुमेरीत दुब म्हणजे मातीची पाटी, जिच्यावर बोरूने खिळ्यांच्या आकाराची अक्षरे उमटवीत. म्हणजे आपण ज्यावर लोडाला टेकून बसतो त्या वस्तूच्या नावाच्या तळाशी ओल्या मातीची पाटी आहे.

याच दिपि शब्दाची एक शाखा भारतात स्वतंत्रपणे आली आणि ती मराठी वाचकाच्या रोजच्या वापरात आहे. सम्राट अशोकाच्या गिरनार येथील लेखात ‘धंमलिपी’ असा शब्द आहे, तर वायव्येकडील शाहबाजगढी येथील खरोष्ठी लिपीतल्या लेखात त्याच जागी ‘ध्रमदिपि’ आढळतो. पाणिनीने लिपि आणि लिबि अशी दोन्ही रूपे नोंदविली आहेत. काही जण लिपि शब्द लिंपणे या अर्थाच्या ‘लिप्’ धातूवरून लावतात, पण शाहबाजगढीचा द-कार पाहिल्यावर फारसी मूळ मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. तसे मानले तर लिपी आणि दिवाण हे दोन शब्द एकाच घराण्यातले ठरतात.

त्या घराण्यातला तिसरा शब्द मराठ्यांच्या इतिहासात बसलेला आहे. दिपि सांभाळणारा तो मध्य फारसीतला ‘दिबीर’, म्हणजे लेखक, चिटणीस. हाच पुढे फारसीत ‘दबीर’ आणि मराठीत ‘डबीर’ झाला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, अष्टप्रधानांना संस्कृत पदनामे दिली गेली तेव्हा डबीराचे सुमंत झाले. पदनाम बदलले तरी आडनावाच्या रूपाने डबीर मराठीत टिकून आहे. दिवाण आणि डबीर हे शब्द ऐकताना कोणालाही नातेवाईक वाटणार नाहीत, पण एक लिखाणाचे दप्तर आहे आणि दुसरा ते लिहिणारा.

फारसीतून हा शब्द अरबीत गेला तो राज्यकारभाराच्या गरजेतून. दुसरे खलीफा उमर यांच्या कारकिर्दीत (६३४ ते ६४४) सैनिकांची आणि त्यांना द्यावयाच्या वेतनाची नोंदवही ठेवण्यात आली, तिला ‘दीवान’ म्हणत. जिंकलेल्या प्रदेशांत जुने हिशेब जुन्याच भाषांत चालू राहिले, इराकात फारसीत आणि सीरियात ग्रीकमध्ये. सातव्या शतकाच्या अखेरीस खलीफा अब्द अल-मलिक यांच्या काळात हे कामकाज अरबीत आणले गेले, पण नोंदवहीचे फारसी नाव मात्र कायम राहिले. पुढे वही ज्या ठिकाणी ठेवली जाई त्या कचेरीला, आणि कचेरी ज्या खात्याची त्या खात्यालाही दीवान म्हणू लागले. महसुलाचा दीवान, लष्कराचा दीवान, पत्रव्यवहाराचा दीवान अशी खात्यांची नावे बगदादच्या अब्बासी खलीफांच्या काळात रूढ होती.

हा अर्थबदल आपल्याला परका वाटू नये, कारण ‘दप्तर’ या शब्दाचेही तेच झाले. दप्तराचे मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे, ज्यावर लिहीत. त्यावरून फारसी-अरबीत ‘दफ्तर’ म्हणजे वही झाली, हिंदी-उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी झाली, आणि मराठीत ते सरकारी कागदपत्रांच्या संग्रहापासून थेट शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पाठीवरच्या पिशवीपर्यंत आले. कातडे, वही, कचेरी, पिशवी यांत आकाराचे किंवा उपयोगाचे साम्य शोधून सापडणार नाही. प्रत्येक वेळी नाव शेजारच्या वस्तूकडे सरकले आहे, एवढेच. दिवाणाचेही अर्थ असेच शेजाराशेजाराने वाढले आहेत.

वही या मूळ अर्थाचा एक धागा कवितेकडेही गेला. एका कवीच्या रचनांचा संग्रह तो त्याचा दिवाण. फारसी-उर्दू परंपरेत अशा संग्रहातील गझला अंत्याक्षराच्या वर्णक्रमाने लावण्याची रीत आहे, आणि या नोंदवहीसारख्या शिस्तीत मला शब्दाचा जुना अर्थ जिवंत दिसतो.

कचेरीचा अर्थ पश्चिमेकडेही पसरला. सिसिलीच्या नॉर्मन राजांनी अरबांचा कारभार स्वीकारला तेव्हा त्यांच्या लॅटिन कागदांत ‘दुआना’ हा शब्द आला. इटालियन ‘दोगाना’, फ्रेंच ‘दुआन’ आणि स्पॅनिश ‘अदुआना’ हे जकात नाक्याचे शब्द याच कुळातले आहेत.

आता भारतात येऊ. मुघल राज्यव्यवस्थेत दिवाण हा महसूल आणि खजिना यांचा प्रमुख अधिकारी असे, केंद्रातही आणि सुभ्यातही. कचेरीचे नाव कचेरी चालविणाऱ्या माणसाला लागले, हा इथला टप्पा. त्याच वेळी ‘दरबाराची जागा’ हा अर्थही चालू राहिला, म्हणून दिल्ली आणि आग्रा येथील किल्ल्यांत दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास आहेत. जुन्या मराठी कागदांत दिवाण म्हणजे सरकार असाही अर्थ येतो. संस्थानांच्या काळात दिवाण म्हणजे मुख्य प्रधान. दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण झाले आणि मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. सावकाराच्या किंवा इनामदाराच्या घरचा हिशेबनीस तो दिवाणजी.

यातूनच ‘दिवाणी’ हा कायद्यातला शब्द आला. दिवाणाचा अधिकार ती दिवाणी, म्हणजे मुख्यतः महसूल गोळा करण्याचा आणि त्या अनुषंगाने मालमत्तेचे तंटे मिटविण्याचा अधिकार. बादशहा शाह आलम दुसरा याने १२ ऑगस्ट १७६५ रोजी बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला दिली. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या व्यवस्थेत मालमत्तेच्या दाव्यांसाठी दिवाणी अदालत आणि गुन्ह्यांसाठी फौजदारी अदालत अशी विभागणी झाली. आजही मराठीत दावा दिवाणी असतो आणि खटला फौजदारी असतो, कारण एक काम दिवाणाचे मानले गेले आणि दुसरे फौजदाराचे. ज्यांना दिवाणी न्यायालयाचे नाव कोड्यासारखे वाटते, त्यांच्यासाठी उत्तर या दोन हुद्द्यांत आहे.

दिवाणखाना या शब्दाकडे येण्यासाठी एवढी तयारी आवश्यक होती. ‘खाना’ म्हणजे फारसीत घर किंवा जागा, जसे कारखाना, तोफखाना, मुदपाकखाना. दिवाणखाना म्हणजे दिवाण भरण्याची, दरबारी काम चालण्याची, आल्यागेल्याला भेटण्याची जागा. पुण्याच्या शनिवारवाड्यात थोरल्या रायांचा दिवाणखाना आणि नाचाचा दिवाणखाना होता, आणि तो वाडा १८२८ च्या आगीत जळून गेला. त्या दिवाणखान्यांत बसण्यासाठी गाद्या, लोड, तक्के आणि गिरद्या असत, आणि त्या मांडणीला बैठक म्हणत. दिवाण नावाच्या लाकडी आसनावरून त्या दालनांना नाव पडले असते, तर त्या काळच्या बैठकीच्या शब्दांत तो शब्द असायला हवा होता. वाड्यातील दिवाणखाना पुढे लहान घरातील दर्शनी खोली झाला आणि आज त्या खोलीत दिवाण नसला, केवळ खुर्च्या असल्या, तरी तो दिवाणखानाच राहतो. खोलीचे नाव आसनावर अवलंबून नाही, याचा हा साधा पुरावा आहे.

मग आसनाला हे नाव मिळाले कोठे? त्यासाठी इस्तंबूलला जावे लागते. उस्मानी, म्हणजे तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्याचे मंत्रिमंडळ, म्हणजे ‘दीवान’, तोपकापी राजवाड्यातील एका घुमटाखालच्या दालनात भरत असे. दालनाच्या भिंतींच्या कडेने गिरद्या अंथरलेली लांब, बुटकी आसने होती. मुख्य वजीर मध्यभागी आणि बाकीचे मंत्री दोन्ही बाजूंना त्यांवर बसत, तर सुलतान वरच्या जाळीच्या खिडकीआडून कामकाज ऐकू शकत असे. सभेचे नाव सभेच्या दालनाला आणि दालनाचे नाव त्यातील भिंतीलगतच्या आसनाला लागले. युरोपीय प्रवाशांनी आणि वकिलांनी तो शब्द आसनाच्या अर्थाने आपल्याकडे नेला, आणि अठराव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजीतही तो या अर्थाने दिसू लागतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातील श्रीमंत घरांत पूर्वेकडच्या धर्तीची सजावट करण्याची हौस वाढली, तेव्हा पाठ आणि हात नसलेल्या अशा आसनाचा प्रसार झाला. पुढे इंग्रजीत खाली कप्पे असलेल्या पलंगालाही हेच नाव मिळाले.

माझ्या मते मराठीतील आसनवाचक दिवाण हा या इंग्रजी वाटेने परत आलेला शब्द आहे. तो परका वाटला नाही, कारण त्याच रूपाचा शब्द येथे आधीपासून होता आणि दिवाणखाना हे त्याच्यासाठी तयार घर होते. दिवाणखान्यात ठेवतात तो दिवाण, असा नवा अन्वय लोकांनी सहज लावला, आणि मग काही पिढ्यांतच त्याची दिशा उलटून दिवाण ठेवतात तो दिवाणखाना असे वाटू लागले. प्रश्नकर्त्यांची शंका या उलटलेल्या अन्वयातून आली आहे, आणि ती स्वाभाविक आहे. ‘सोफा’चीही कथा शेजारचीच आहे: अरबी ‘सुफ्फा’, म्हणजे बसण्याचा उंच ओटा, हा शब्दही युरोपातून फिरून आपल्याकडे आला.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. मराठीत गादी आणि खुर्ची या वस्तू आधी होत्या आणि सत्तेचा अर्थ त्यांना नंतर चिकटला. गादीवर येणे, खुर्ची जाणे हे प्रयोग आसनाकडून सत्तेकडे गेलेले आहेत. दिवाण मात्र सत्तेकडून आसनाकडे आला. म्हणून गादी आणि दिवाण यांना अर्थविस्ताराची सारखी उदाहरणे म्हणून एकत्र देऊ नये.

आता ‘दिवाणा’. अकराव्या शतकातील अरबी ग्रंथकारांनीही एक कथा दिली आहे: इराणचा बादशहा खुसरो एकदा आपल्या कचेरीत गेला, लेखनिक स्वतःशीच पुटपुटत हिशेब करताना त्याला दिसले, आणि तो म्हणाला, ‘हे तर दीवाना’, म्हणजे वेडे. त्यावरून कचेरीला दीवान म्हणू लागले. कथा सुंदर आहे, पण व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही. दीवाना हा शब्द फारसी ‘देव’ला ‘आना’ प्रत्यय लागून झाला आहे. फारसीत देव म्हणजे सैतान, झपाटणारी शक्ती. देवाने झपाटलेला तो दिवाणा. हा फारसी देव आणि आपला संस्कृत देव मुळात एकच, पण जरथुष्ट्री धर्मात त्याचा अर्थ उलटला. म्हणून दिवाणा हा देवाचा नातलग आहे, दिवाणाचा नव्हे.

यादीपुरते सांगायचे तर दिवाण हा पुल्लिंगी शब्द ऱ्हस्व दि आणि ण यांनी लिहावा. फारसीतील दीर्घ दी मराठीच्या वळणाने ऱ्हस्व झाली आहे, आणि शेवटच्या न-चा ण ‘निशाण’ या शब्दातल्याप्रमाणे झाला आहे. त्याची नोंद एकच ठेवावी आणि तीत दप्तर, कचेरी वा दरबार, कारभारी, काव्यसंग्रह, आसन असे अर्थ याच क्रमाने द्यावेत. दिवाणखाना आणि दिवाणी या शब्दांना दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थाशी जोडावे, आसनाशी नाही. आसनाशी जोडण्यासारखा शब्द म्हणजे चादर आणि लोड-तक्क्यांचे अभ्रे एकत्र मिळतात तो ‘दिवाणसेट’. दिवाणा हा शब्द स्वतंत्र नोंदीत ठेवावा.