पेन्सिलीने लिहिलेली लोकसभा

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत नाशिकच्या एक निवृत्त नागरिकशास्त्र शिक्षिका.)

प्रश्न : आम्ही सटाण्याचे. सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर जिल्हा नाशिक, पण मत द्यायचं ते धुळ्याच्या खासदाराला. माझे वडील तर अजून "मालेगाव लोकसभा" असंच म्हणतात. दिल्लीत आम्ही कुणाच्या हिशेबात असतो, नाशिकच्या की धुळ्याच्या?
– एक कांदा उत्पादक, सटाणा

उत्तर : दादा, वडिलांचं काही चुकलेलं नाही. मालेगाव हा खरोखरच लोकसभेचा स्वतंत्र मतदारसंघ होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो गेला, त्या वेळी दिंडोरी नवा झाला आणि २००९ पासून आपण या नव्या नकाशावर मतदान करतो.

आता हिशेब बघा. महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ मतदारसंघ आणि लोकसभेचे ४८. म्हणजे विधानसभेचे सहा-सहा मतदारसंघ एकत्र बांधले की एक खासदार. नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ पंधरा. सिन्नर, इगतपुरी, देवळाली आणि शहरातले पूर्व, मध्य, पश्चिम मिळून नाशिक लोकसभा. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड, दिंडोरी मिळून दिंडोरी लोकसभा. बारा संपले. उरले तीन : तुमचं बागलाण, मालेगाव मध्य आणि मालेगाव बाह्य. हे तीन धुळे शहर, धुळे ग्रामीण आणि शिंदखेड्याबरोबर बांधले गेले. तिकडे धुळे जिल्ह्यातले साक्री आणि शिरपूर नंदुरबारला जोडलेले आहेत, म्हणून धुळ्यालाही बाहेरचे तीन लागतातच.

तेव्हा लोकसभेत जिल्हा मोजला जात नाही, मतदारसंघ मोजला जातो. नाशिक जिल्ह्याचा माणूस तीन खासदारांच्या वाट्याला आला आहे. २० मे २०२४ ला तिन्ही मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झालं आणि तिन्हीकडून तीन वेगळ्या पक्षांचे खासदार गेले. नाशिकमधून राजाभाऊ वाजे, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे). दिंडोरीतून भास्कर भगरे, राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार). धुळ्यातून डॉ. शोभा बच्छाव, काँग्रेस. त्या तर नाशिकच्याच माजी महापौर. धुळ्याचा निकाल ३,८३१ मतांनी लागला. तुमच्या तालुक्यातल्या चार-पाच मोठ्या गावांतले मतदार मोजले तरी याहून जास्त भरतील. कांद्याच्या निर्यातीबद्दल अर्ज लिहायचा असेल तर तो धुळ्याच्या खासदारांना लिहा आणि हक्काने लिहा. तुम्ही तिथे पाहुणे नाही आहात.

प्रश्न : बहुमताला २७२ लागतात असं आपणच शिकवलं होतं. २०२४ ला भाजपला २४० मिळाल्या. मग सरकार कसं आलं? आणि बातम्यांत कधी २४०, कधी २९३ असं का सांगतात?
– आपली एक जुनी विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : बाळ, माझी तपकिरी वही तुला आठवत असेल. पुठ्ठ्याला खाकी कागद, आत रेघा मारून पक्षांचे रकाने. प्रत्येक निवडणुकीला मी त्यात आकडे उतरवते आणि ते पेन्सिलीनेच. शाईने लिहिलं की दोन-चार महिन्यांत खाडाखोड होते. कुणाचं निधन होतं, कुणी राजीनामा देतं, कुणी दोन जागा जिंकून एक सोडतं. २०२४ मध्येच बघ, राहुल गांधींनी रायबरेली ठेवली आणि वायनाड सोडली. नांदेडचे खासदार वसंत चव्हाण निकालानंतर तीन महिन्यांच्या आत गेले. दोन्ही ठिकाणी पोटनिवडणूक झाली. मधल्या काळात माझ्या वहीत काँग्रेसचा ९९ खोडून कमी केलेला होता, मग पुन्हा वाढवला.

तर ४ जून २०२४ चं पान असं आहे. भाजप २४०, काँग्रेस ९९, समाजवादी ३७, तृणमूल २९, द्रमुक २२, तेलुगू देसम १६, जनता दल (संयुक्त) १२, शिवसेना (ठाकरे) ९, राष्ट्रवादी (शरद पवार) ८, शिवसेना ७, लोकजनशक्ती (रामविलास) ५ आणि मग लहान पक्ष, अपक्ष. २४० हा एका पक्षाचा आकडा, २९३ हा रालोआचा (राष्ट्रीय लोकशाही आघाडीचा), म्हणजे निवडणुकीआधीपासून एकत्र असलेल्या सगळ्या मित्रपक्षांचा. सभागृहाला पाहिजे असतं ते २७२ खासदारांचं पाठबळ, मग ते एका पक्षाचे असोत की दहा पक्षांचे.

आता पेन्सिल घे आणि वजाबाकी कर. २९३ मधून तेलुगू देसमचे १६ काढ : २७७, सरकार टिकतं. त्यातून जनता दलाचे १२ काढ : २६५, सरकार पडतं. एकटा पक्ष गेला तर चालतं, दोन्ही गेले तर चालत नाही. ही वजाबाकी ज्याला येते त्याला बातम्या समजतात. मी वर्गात पाठांतरापेक्षा हेच करून घ्यायची.

त्या वहीतलं एक पान मी अजून उघडून बघते. १७ एप्रिल १९९९. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव. बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने सरकार गेलं. त्या दिवशी मी ते दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि पुढच्या तासाला फळ्यावर तसेच मांडले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, एकच?" हो, एकच. "माझ्या एका मताने काय होतंय" असं कुणी म्हणालं की मला ते पान आठवतं.

महाराष्ट्राच्या रकान्यात मात्र २०२४ ला मला नवीन रेघा माराव्या लागल्या. शिवसेनेच्या दोन ओळी, राष्ट्रवादीच्या दोन ओळी. २०१९ ला भाजप २३, शिवसेना १८, राष्ट्रवादी ४, काँग्रेस १, एमआयएम १, अपक्ष १ असं एका ओळीत बसलं होतं. २०२४ ला काँग्रेस १३, भाजप ९, ठाकरे ९, शरद पवार ८, शिंदे ७, अजित पवार १ आणि सांगलीचे अपक्ष विशाल पाटील. बेरीज करून बघ, ४८ येतात. बेरीज जमल्याशिवाय मी पान बंद करत नाही.

प्रश्न : जुन्या पुस्तकात लोकसभेचे सदस्य ५४५, मुलाच्या पुस्तकात ५४३. कोणतं बरोबर?
– एक पालक, नाशिकरोड

उत्तर : दोन्ही आपापल्या काळी बरोबर. ते जादा दोन अँग्लो-इंडियन समाजाचे, राष्ट्रपतींनी नेमलेले असत. १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०२० पासून ती तरतूद थांबली. आता सगळेच्या सगळे ५४३ निवडून येतात.

प्रश्न : मी निफाडची, स्पर्धा परीक्षांची तयारी करते. विरोधी पक्षनेत्यासाठी ५५ खासदार लागतात, हे घटनेत कुठे लिहिलं आहे? मला कलम सापडत नाही.

उत्तर : सापडणार नाही, कारण घटनेत ते नाहीच. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळापासूनचा तो पायंडा आहे : सभागृहाची गणपूर्ती (कामकाजासाठी लागणारी किमान हजेरी) होण्याइतके, म्हणजे एक दशांश सदस्य हवेत. २०१४ ला काँग्रेसचे ४४ होते, २०१९ ला ५२. दोन्ही वेळा ते पद कुणाला मिळालं नाही. २०२४ ला ९९ आले आणि राहुल गांधी विरोधी पक्षनेते झाले. उत्तरपत्रिकेत "कलम" लिहू नकोस, "पायंडा" लिही.

प्रश्न : आमची दिंडोरीची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, हे माहीत आहे. पण बायकांसाठी जागा राखीव झाल्या असं २०२३ ला ऐकलं, मग २०२४ ला का नव्हत्या? आमच्या बचत गटात यावर बरीच चर्चा झाली.
– बचत गटाच्या अध्यक्षा, दिंडोरी तालुका

उत्तर : ताई, चर्चा झाली याचाच मला फार आनंद झाला. १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ ला झाली आणि तिने एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवल्या. पण त्याच दुरुस्तीत अट घातली की आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना आणि त्यानंतर आरक्षण. म्हणून २०२४ ची निवडणूक जुन्याच रचनेवर झाली. अनुसूचित जातींसाठी ८४ आणि जमातींसाठी ४७ जागा राखीव आहेत. एक तृतीयांश आरक्षण लागू होईल तेव्हा या राखीव जागांमध्येही तेवढाच वाटा स्त्रियांचा राहील. म्हणजे दिंडोरीसारखी जागा एखाद्या वेळी आदिवासी स्त्रीसाठी राखीव होऊ शकते.

२०२४ ला ५४३ मध्ये ७४ स्त्रिया निवडून आल्या. २०१९ ला ७८ होत्या, म्हणजे चार कमीच झाल्या. मला हा आकडा लिहिताना वाईट वाटलं. महाराष्ट्रातून सात गेल्या : सुप्रिया सुळे, वर्षा गायकवाड, प्रणिती शिंदे, प्रतिभा धानोरकर, स्मिता वाघ, रक्षा खडसे आणि शोभा बच्छाव. सातांपैकी शेवटच्या तिघी जळगाव, रावेर आणि धुळ्याच्या. म्हणजे खानदेशाने एकट्याने तीन पाठवल्या.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला मला बोलवा. वही घेऊन येते. पेन्सिली तुम्ही आणा, ५४३ चा एक तृतीयांश किती होतो ते आपण सगळ्या मिळून काढू.