अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉलला हातही न लावणाऱ्या त्या पाच आडदांड खेळाडूंचं करिअर नेमकं कसं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या रांगेत वाकून उभे राहणारे हे पाच जण ना पळतात, ना बॉल झेलतात, ना गुण मिळवतात, मग त्यांना कोट्यवधी डॉलर कशाचे मिळतात आणि असं खेळून करिअर तरी काय होतं?

आधी एक बारीक दुरुस्ती. पाचातला मधला, म्हणजे सेंटर, प्रत्येक वेळी बॉलला हात लावतो. तोच तो दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे बॉल पुढे फेकणाऱ्याकडे देतो, त्याला स्नॅप म्हणतात; प्रत्येक चाल त्यानेच सुरू होते. बाकीचे चौघे, सेंटरच्या शेजारचे दोन गार्ड आणि कडेचे दोन टॅकल, यांचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्यांना पुढे फेकलेला बॉल झेलायचीही नियमाने परवानगी नसते. पंचाला आधी सांगून ठेवलं तर गोष्ट वेगळी, पण तसा बॉल त्यांच्याकडे क्वचितच येतो.

मी मूळचा इचलकरंजीचा. २००९ साली नोकरीसाठी ओहायोत आलो आणि क्लीव्हलंडला लागून असलेल्या पार्मा गावात घर घेतलं. शेजारी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा. क्लीव्हलंड ब्राऊन्स या इथल्या संघाचा भक्त, म्हणजे दुःखाची सवय असलेला माणूस. पहिल्या रविवारी त्याने मला टीव्हीसमोर बसवलं आणि म्हणाला, "बॉलकडे बघू नकोस. डावीकडून पहिला, ७३ नंबर, फक्त त्याच्याकडे बघ." मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. तो ७३ नंबर म्हणजे जो थॉमस. पुढची आठ वर्षं मी हा खेळ त्याच्याच पाठीकडे बघत शिकलो, म्हणून उत्तरही त्याच्यावरूनच देतो.

काय दिसायचं? बॉल मागे गेला की थॉमसचा डावा पाय मागे आणि जरा बाहेर सरकायचा, उजवा पाय गवत न सोडता त्याच्यामागून यायचा. कंबर खाली, पाठ ताठ, दोन्ही पंजे छातीपुढे. याला किक-स्लाइड म्हणतात. म्हणजे ६ फूट ६ इंच उंचीचा आणि १४० किलोंच्या वरचा माणूस उलटा धावतोय, आणि समोरून त्याच्यापेक्षा हलका नि चपळ माणूस सुलटा धावत येतोय. येणाऱ्याला वाट निवडायची मोकळीक. आतून जाईल, बाहेरून जाईल, नाहीतर सरळ छातीवर येईल. याने ते अर्ध्या क्षणात ओळखायचं आणि मागच्या क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायचे. बस, एवढंच काम. मग पुन्हा रांगेत येऊन वाकायचं. सामन्यात साठ-सत्तर वेळा.

आपण कबड्डी बघत वाढलेली माणसं, त्यामुळे आपला गोंधळ इथेच होतो. कबड्डीत पकड केली की टाळ्या. इथे पकडलं की होल्डिंग, दहा यार्डांचा दंड. हात समोरच्याच्या छातीवर, खांद्यांच्या आत ठेवायचे, ढकलायचं, वळवायचं, पण तो निसटून चाललाय असं दिसल्यावर त्याला धरून ठेवायचं नाही. (खरं तर सगळेच थोडं थोडं धरतात. पंचाला दिसणार नाही इतकं धरणं हीसुद्धा कलाच आहे.) बॉल सुटायच्या आधी नुसतं दचकून हललं तरी पाच यार्ड गेले. ऐंशी हजार लोक बोंबलत असताना पुतळ्यासारखं थांबायचं आणि मग एकदम उसळायचं.

म्हाताऱ्याकडे एक वही होती. प्रत्येक सामन्याला एक ओळ. स्पीकरवर "होल्डिंग, ऑफेन्स, नंबर ७३" असं ऐकू आलं किंवा थॉमसच्या बाजूने येऊन कुणी क्वार्टरबॅकला पाडलं, की फुली. नाहीतर ओळ कोरी. पानंच्या पानं कोरी होती. माझ्या मते या पेशाचं याहून चांगलं वर्णन नाही. या लोकांसाठी आकडेवारीचा रकानाच नसतो. कोरी ओळ हीच धाव आणि तोच बळी.

आता पैसा. बहुतेक क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकतात. फेकण्यासाठी ते वळले की त्यांची पाठ डावीकडे होते, आणि त्या बाजूने येणारा माणूस त्यांना दिसत नाही. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनच्या जो थाइझमनला पाडलं. थाइझमनचा पाय असा मोडला की त्याचं खेळणंच संपलं. वॉशिंग्टनचा नेहमीचा लेफ्ट टॅकल जो जेकोबी त्या रात्री दुखापतीमुळे बाहेर होता. संघातल्या सगळ्यात महागड्या माणसाची पाठ कोण सांभाळतो, याची किंमत मालकांना अशा रात्री कळत गेली. १९९३ मध्ये करार संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघात जायची मोकळीक मिळाली आणि लेफ्ट टॅकलचे भाव चढायला लागले. थॉमसने २०११ मध्ये सात वर्षांचा ८ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. २०२४ मध्ये डेट्रॉइट लायन्सने पेनाय सूएलला चार वर्षांचे ११ कोटी २० लाख दिले, आणि तो तर उजवीकडचा टॅकल. पण हे आकडे वाचताना सावध राहा. करारात हमीची रक्कम वेगळी असते. उरलेली, संघाने तुम्हाला ठेवलं तरच.

आणि ठेवतीलच असं नाही. दर वर्षी सीझनच्या तोंडावर प्रत्येक संघ ५३ जणांवर येतो. त्यात लाइनमन, म्हणजे या पुढच्या रांगेतले, साधारण नऊ. उरलेल्यांना घरचा रस्ता, नाहीतर प्रॅक्टिस स्क्वाड, म्हणजे सरावाला हजर राहायचं आणि कुणाला लागलं तर तयार असायचं. तुम्ही ज्यांचे कोट्यवधी ऐकता ते वरच्या थरातले. खालच्या थरात दोन-तीन वर्षं गावोगाव फिरून, गुडघ्याचं ऑपरेशन करून परत घरी गेलेले खूप.

आत शिरायची वाट म्हणाल तर बहुतेकांची सारखीच: हायस्कूल, कॉलेज, मग ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं. हायस्कूल सुटून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल, म्हणजे इथली व्यावसायिक लीग, घेत नाही. ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसला तपासणी होते. तिथे लाइनमनच्या हातांची लांबीसुद्धा टेपने मोजतात. इंचभर कमी भरली तर टॅकलऐवजी गार्ड व्हा म्हणतात. माणसांची अशी मापं घेतलेली बघून मला आपला बैलबाजारच आठवला, पण असो. थॉमस विस्कॉन्सिनचा, त्याच राज्याच्या विद्यापीठाकडून खेळला. २००७ च्या ड्राफ्टला न्यूयॉर्कला येऊन कॅमेऱ्यासमोर बसायचं आमंत्रण त्याने नाकारलं आणि वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे पकडायला गेला. तिथे बोटीवरच त्याला कळलं की ब्राऊन्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलंय.

सगळे असे राजरस्त्याने येत नाहीत. फिलाडेल्फियाचा जेसन केल्सी सिनसिनाटी विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय दाखल झाला, ड्राफ्टमध्ये १९१ वा निघाला, सेंटरच्या मानाने अंगाने लहान. तरी तेरा वर्षं खेळला आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामनाही जिंकला. त्याच संघातला जॉर्डन मायलाटा तर ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीगवाला. २०१८ मध्ये त्याला घेतलं तोवर तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. पुढे तोच त्यांचा लेफ्ट टॅकल झाला.

आता थॉमसच्या करिअरची दुसरी बाजू. २००७ मध्ये, त्याच्या पहिल्याच वर्षी, ब्राऊन्सने १० सामने जिंकले आणि तरी प्लेऑफ, म्हणजे पुढची बाद फेरी, थोडक्यात हुकला. म्हणाले, पुढच्या वर्षी. ते पुढचं वर्ष आलंच नाही. अकरा वर्षांत एकूण ४८ विजय आणि १२८ पराभव. प्लेऑफचा एकही सामना नाही. मागचा क्वार्टरबॅक सारखा बदलायचा; ज्यांची पाठ त्याने सांभाळली असे वीसेक तरी झाले. प्रशिक्षकही येत-जात राहिले. तो मात्र डावीकडे उभा. पहिल्या दहा वर्षांत दहा वेळा प्रो बोलला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवड. म्हणजे सगळ्यात वाईट संघातला, आपल्या जागी सगळ्यात चांगला माणूस.

२०१६ ला तर एकच सामना जिंकला, तोही २४ डिसेंबरला, सॅन डिएगोविरुद्ध २०-१७. म्हाताऱ्याबरोबर मी स्टेडियममध्ये होतो. लेक एरीवरून येणारं वारं हाडात घुसत होतं. शेवटच्या क्षणी त्यांची किक बाहेर गेली आणि वर्ल्ड कप जिंकल्यासारखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. म्हाताऱ्याने हातमोजा काढला, वहीत कोरी ओळ मारली, आणि मगच माझ्याशी हात मिळवला.

या सगळ्या काळात थॉमसने एकही स्नॅप चुकवला नव्हता. लागलेलं असो, संघ तीस गुणांनी मागे असो, सीझन केव्हाच हातचा गेलेला असो. २२ ऑक्टोबर २०१७ ला, टेनेसीविरुद्ध, तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो डावा हात धरून खाली बसला. दंडाच्या मागचा स्नायू फाटला होता. स्टेडियम गप्प झालं, मग तो चालत बाहेर जाताना सगळे उभे राहिले. सलग १०,३६३ स्नॅप, आणि १०,३६४ व्याला दुसराच कुणी तिथे उभा. त्या वर्षी ब्राऊन्स सोळाच्या सोळा हरले. मार्च २०१८ मध्ये थॉमस निवृत्त झाला.

निवृत्तीनंतर या लोकांचं काय होतं, हे विचारायला हवं, कारण करिअर तिथे संपत नाही. आधी वजन. एवढं वजन राखायला ते सीझनभर जवळपास शिक्षा असल्यासारखं खातात. माझे एक चुलते तालमीतले. दूध, तूप, बदाम यांचा खुराक. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही, आणि पन्नाशीत गुडघे नि साखर दोन्ही गेली हाताबाहेर. लाइनमनपुढे नेमका हाच धोका असतो. थॉमसने मात्र निवृत्तीनंतर पन्नासेक पौंड उतरवले; आता टीव्हीवर दिसतो तर ओळखूच येत नाही.

दुसरं म्हणजे डोकं, आणि ते जास्त गंभीर. बॉल पळवणाऱ्याला एखादा मोठा फटका बसतो. लाइनमनला प्रत्येक स्नॅपला छोटा. पिट्सबर्गचा सेंटर माइक वेब्स्टर चार सुपर बोल जिंकलेला, हॉल ऑफ फेम या दिग्गजांच्या सन्मान-संग्रहालयातला. शेवटची वर्षं भ्रमिष्टासारखी काढून २००२ मध्ये पन्नाशीत गेला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, आणि एनएफएलच्या खेळाडूत सीटीई हा मेंदूचा विकार पहिल्यांदा नोंदला गेला तो त्याच्यातच. थॉमसने खेळत असतानाच जाहीरपणे सांगितलं होतं की आपल्याला विसरायला होतंय. बाल्टिमोरचा गार्ड जॉन उर्शेल २०१७ मध्ये सव्वीसाव्या वर्षी खेळ सोडून एमआयटीत गणिताची पीएचडी पूर्ण करायला गेला. आता तिथेच शिकवतो. माझा मुलगा इथल्या शाळेत नववीत असताना त्याच्या अंगापिंडाकडे बघून कोचने विचारलं होतं. मी नाही म्हणालो. आठवडाभर घरात अबोला होता. थॉमसचा एवढा चाहता असूनही नाही म्हणालो, हे तुम्हाला सांगायलाच हवं.

थॉमस २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, पहिल्याच वर्षी नाव पात्र झालं तेव्हा. हॉल इथून तासाभरावर, कँटनला.

पण मला आठवते ती २० सप्टेंबर २०१८ ची रात्र. न्यूयॉर्क जेट्सविरुद्धचा सामना. हाफटाइमला स्टेडियममध्ये थॉमसचा सत्कार झाला आणि १०३६३ हा आकडा तिथे कायमचा लावला गेला. त्याच रात्री बेकर मेफिल्ड नावाचा नवा क्वार्टरबॅक मैदानात उतरला आणि ब्राऊन्स २१-१७ जिंकले, तब्बल ६३५ दिवसांनी. सगळं स्टेडियम मेफिल्डच्या नावाने ओरडत होतं. म्हाताऱ्याने खिशातून वही काढली, नवं पान उघडलं आणि नव्या लेफ्ट टॅकलचं नाव लिहायला घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "हॅरिसनमध्ये आर एक की दोन?"