सवय जंतूंना झाली, बाबांना नाही

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. ४० वर्षं बिडी ओढली, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे. दम वाढला म्हणून आयसीयूत नेलं, ११ दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. बेडक्याच्या तपासणीत 'एसिनेटोबॅक्टर' निघाला. रिपोर्टवर बाकी सगळ्या औषधांपुढे 'आर' आहे, फक्त कोलिस्टिनपुढे 'आय'. गोळ्या खाऊन खाऊन त्यांच्या शरीराला औषधांची सवय झाली का? कोलिस्टिन आधीच का नाही दिलं? घरी चार वर्षांची नात आहे, तिला काही होईल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी तो 'आर' बघू. 'आर' म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला जंतू दाद देत नाही. तो जंतूबद्दल लिहिलेला असतो, बाबांबद्दल नाही. 'शरीराला सवय झाली' हे मी ओपीडीत रोज ऐकते, आणि प्रत्येक वेळी थांबवून सांगते : शरीराला सवय होत नाही. औषधानं साधे जंतू मरतात, चिवट उरतात आणि पुढे त्यांचीच पिल्लावळ वाढते. दम्याच्या, सीओपीडीच्या पेशंटना मी घरची औषधांची पिशवी टेबलावर उलटी करायला लावते. एझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या अर्ध्या खाल्लेल्या पट्ट्या हमखास निघतात.

तरीही स्वतःला दोष देऊ नका. हा जंतू बहुधा घरून आलेला नसतो. खाटेचा कठडा, मशीनची बटणं अशा कोरड्या जागीही तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. बिडीनं श्वासनलिकेतली झाडलोट आधीच बिघडलेली, त्यात घशात नळी, म्हणजे खोकून बाहेर टाकायची वाटही बंद. नळीच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, तिथवर औषध नीट पोचत नाही.

आता डॉक्टरांना विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : जंतू नुसता नळीत वस्तीला आहे, की न्यूमोनिया झालाय? बेडक्यात जंतू सापडला म्हणजे आजार झालाच, असं नसतं. नवा ताप आहे का, ऑक्सिजन जास्त लागतोय का, एक्स-रेवर नवा डाग आहे का, पांढऱ्या पेशी वाढल्यात का, हे सगळं मिळून ठरतं. यातलं काहीच नसेल तर नुसत्या कागदासाठी कोलिस्टिन देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण हे औषध नवं नाही, १९५०च्या दशकातलं आहे. किडनीला इजा करतं म्हणून १९७०नंतर ते मागे पडलं. बाकीची औषधं निकामी होत गेली तेव्हा नाइलाजानं परत काढलं. आधी दिलं नाही ते बरंच केलं. आता चालू असेल तर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती आणि लघवी किती, हे रोज विचारा. 'आय' म्हणजे इंटरमीजिएट, मधला; तो बघून घाबरू नका. अमेरिकन निकष पाळणाऱ्या प्रयोगशाळा २०२०पासून या औषधापुढे 'एस' (ससेप्टिबल, म्हणजे औषध लागू पडतं) लिहीतच नाहीत, 'आय' किंवा 'आर' एवढंच लिहितात.

न्यूमोनिया असेल तर अवस्था गंभीर आहे, हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण या अवस्थेतून घरी गेलेले पेशंट मी पाहिलेत.

नातीला आयसीयूत नेऊ नका. घरी मात्र घाबरायचं कारण नाही, निरोगी मुलाला या जंतूपासून धोका फार कमी असतो. तुम्ही स्वतः बाबांच्या खाटेला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा. कुणी हात न धुता त्यांच्याजवळ आलं तर नम्रपणे सांगा, मग ते मोठे डॉक्टर का असेनात. मी आले तर मलाही सांगा. खाटेची डोक्याकडची बाजू उचललेली आहे ना, तेही बघत जा.

आणि या रिपोर्टची प्रत फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. बाबांना पुन्हा कुठंही दाखल करायची वेळ आली, तर पहिल्या तासातच ती डॉक्टरांच्या हातात द्या.