आम्ही नियमित सह्याद्रीत ट्रेक करतो. दहा दिवसांत कुस्को, माचू पिचू, रेनबो माउंटन, टिटिकाका आणि उयुनी होईल का?

होईल. त्यातले दोन-तीन दिवस हॉटेलच्या बाथरूममध्ये जातील, ते धरून होईल.

तुमच्या प्रश्नातलं पहिलंच वाक्य मला लागलं, म्हणून लिहायला बसलो. 'आम्ही नियमित सह्याद्रीत ट्रेक करतो.' हेच वाक्य २०१८च्या जूनमध्ये पेरू देशात, लिमाच्या विमानतळावर मी बायकोला ऐकवलं होतं. दर रविवारी सिंहगड, दोनदा नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड, कळसूबाई किती वेळा ते मोजणं सोडलंय. तिचं म्हणणं एवढंच होतं की कुस्कोला उतरलं की तिथे थांबायचं नाही, टॅक्सीनं थेट ओयान्तायताम्बोला जायचं. ते सहाशे मीटर खाली आहे. कुस्को येताना बघू. मी हसलो. ही बाई सिंहगडावर गाडीनं येते आणि मला उंचीबद्दल सांगते!

कळसूबाई १,६४६ मीटर. तिच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तरी कुस्को शंभर मीटर वर उरतं. आणि तिथे आपण चढून जात नाही, लिमाच्या समुद्रकाठावरून विमान सव्वा-दीड तासात नेऊन ठेवतं. शरीराला काही कळायच्या आत.

उतरल्यावर तासभर एकदम मजेत होतो. खोली सान ब्लास भागात, म्हणजे दगडी पायऱ्यांची चढण. टॅक्सी खालीच थांबली. मी दोन्ही बॅगा उचलल्या, मुद्दाम, तिला दिसेल अशा. खोलीत बॅग उघडली तर घरून नेलेलं बाकरवडीचं पाकीट फुगून फुटबॉल झालेलं. मी त्याचा फोटो काढला, ट्रेकच्या ग्रुपवर टाकला, खाली 'इथली हवा पातळ आहे म्हणे' असं लिहिलं. संध्याकाळी भूक नव्हती म्हणून फक्त किन्वाचं सूप घेतलं. हे सूप लक्षात ठेवा.

रात्री अकराला डोकं असं धरलं की उशी बदलली तरी दुखायचं. झोप लागली की श्वास थांबायचा आणि मी दचकून उठायचो. दोनला उलट्या सुरू. बायकोनं खाली जाऊन मालकीणबाईंना उठवलं. त्यांनी मला एकदा बघितलं, 'सोरोचे' (उंचीचा त्रास) म्हणाल्या आणि कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत आणला. कुस्कोत हा बऱ्याच हॉटेलांत असतो, आपल्याकडे वॉटर फिल्टर असतो तसा. बोटाला चिमटा लावला, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ७९. बायकोचा ८९. तिनं माझ्यासमोर बसून कोकाच्या पानांचा चहा प्यायला आणि एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सकाळी तिनं टॅक्सी बोलावली. आता गंमत बघा, ओयान्तायताम्बो खाली असलं तरी चिंचेरोकडून जाणारा रस्ता आधी ३,७०० मीटरच्या वर चढतो आणि मग दरीत उतरतो. चिंचेरोला गाडी थांबवावी लागली. कशासाठी ते लिहीत नाही. पण उरुबाम्बाची दरी लागली तसं कुणी डोक्यावरचा हात काढून घ्यावा तसं झालं, आणि दुपारी मी भात मागून खाल्ला.

ओयान्तायताम्बोला दोन रात्री काढाच. गल्लीगल्लीतून इंकांच्या काळातल्या दगडी पन्हळींत अजून पाणी वाहतं. वर गढीवर गुलाबी दगडाच्या सहा अजस्र शिळा उभ्या आहेत. त्या नदीपलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून आणलेल्या. खाण कुठे आहे ते वरून बोटानं दाखवता येतं आणि मग दरीकडे बघून माणूस गप्प होतो. तिथूनच माचू पिचूची रेल्वे मिळते. माचू पिचू २,४३० मीटरवर, कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे. त्याचं तिकीट वेळ आणि मार्ग ठरवूनच मिळतं, आधी काढा. बाकी फोटो सगळ्यांनी बघितलेलेच आहेत.

आता तुमची यादी. उयुनी काढून टाका. बोलिव्हियातल्या त्या मिठाच्या पठाराचा आरसा होतो तो पावसात, साधारण जानेवारी ते मार्च, आणि माचू पिचूला जायचं ते मे ते सप्टेंबर, कोरड्यात. दोन्ही फोटो एका सहलीत मागू नका. रेनबो माउंटन पाच हजारांच्या वर आहे. अगदी शेवटी, नाहीतर नाहीच. टिटिकाका सरोवर (३,८१२ मीटर) मात्र ठेवा, आणि त्याच्या काठच्या पुनोच्या बाजारात चुन्यो हातात घेऊन बघा. रात्रीच्या थंडीत गोठवलेले, पायानं तुडवून पाणी काढलेले, उन्हात वाळवलेले बटाटे. काळपट, बुचाइतके हलके, वर्षानुवर्षं टिकतात. बटाटा इथलाच. दाणे, साबुदाण्याचा कंदही याच खंडातला. माझ्या आईची एकादशी दक्षिण अमेरिकेवर चालते, हे मला पुनोत कळलं.

शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने' (मांस नको) म्हणून भागत नाही, चिकन येतं. कोंबडीचं वेगळं नाव घ्या. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. तुम्हाला त्रास होणारच असंही नाही, कुणाला होतो, कुणाला नाही, आणि त्याचा स्टॅमिनाशी संबंध नाही. यलो फीव्हरची लस निघण्याच्या दहा दिवस आधी घ्या, परतताना भारतात दाखला विचारतात. कोकाची पानं किंवा चहाच्या पिशव्या बॅगेत आणू नका.

आमच्या ट्रेक ग्रुपचे म्होरके अजून म्हणतात की मला उंची नाही, तिकडचं खाणं बाधलं. ते पुढच्या वर्षी कुस्कोला जाताहेत, पहिल्याच दिवशी सान ब्लासला मुक्काम. त्यांच्यासाठी सांगतो: आठ दिवसांनी पुनोला, कुस्कोपेक्षा चारशे मीटर वर, मी तेच सूप दोन वाट्या प्यायलो आणि सकाळपर्यंत घोरत पडलो. दोन्ही बिलं जपून ठेवली आहेत. हवी तर फोटो टाकतो.