मराठीतला ‘ठग’ आणि इंग्रजीतला ‘थग’ यांच्या अर्थांत अंतर का पडले?

मराठीत ठग म्हणजे गोड बोलून फसवणारा, पण आपल्याकडूनच इंग्रजीत गेलेला हा शब्द तिथे गुंड या अर्थाने का चालतो, असे आपण विचारले आहे. माझ्या मते इंग्रजीने या शब्दातील हिंसा तेवढी उचलली आणि कपट मागे सोडले.

या शब्दाचे मूळ झाकणे, लपवणे या अर्थाच्या संस्कृत ‘स्थग्’ धातूत असल्याचे मानले जाते. आज सभा ‘स्थगित’ होते, त्या शब्दाचाही संस्कृतातला अर्थ ‘झाकलेला’ असाच होता. मराठीने ‘ठक’, ‘ठकवणे’, ‘ठकास महाठक’ यांतून ही लपवाछपवी जपली. ठकवलेल्या माणसाच्या अंगाला कोणी हात लावलेला नसतो. घात होतो तो त्याच्या विश्वासाचा.

इंग्रजी अर्थ घडला तो कंपनी सरकारच्या दप्तरांत. वाटसरूंशी सलगी करून, त्यांच्यासोबत काही टप्पे चालून, मग रुमालाने गळा आवळून त्यांना लुटणाऱ्या टोळ्यांना अधिकारी ठग म्हणू लागले. कंपनीचे अधिकारी विल्यम स्लीमन यांची ठगांविरुद्धची मोहीम सुरू असतानाच आलेल्या १८३६ च्या कायद्याने तर अशा टोळीत असल्याचे सिद्ध होणे एवढ्यावरच सक्तमजुरीसह जन्मठेप ठेवली. स्लीमन यांनी रंगवलेले चित्र कितपत खरे, यावर इतिहासकारांत वाद आहे आणि तो मला रास्त वाटतो, कारण त्यातली बरीच माहिती माफीच्या साक्षीदारांनी दिलेली होती. ब्रिटनमधील वाचकांपर्यंत मात्र गळा आवळणारा ठगच पोहोचला; निजामाच्या चाकरीतील मेडोज टेलर यांची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी १८३९ मध्ये तिथे गाजली. पुढे हिंदुस्थानचा संदर्भ गळून कोणताही दांडगट गुन्हेगार ‘थग’ ठरला. उच्चारही बदलला, कारण ‘ठ’साठी लिहिलेली टी आणि एच ही अक्षरे इंग्रज आपल्या सवयीने ‘थ’सारखी वाचत.

अमेरिकेत या शब्दाला वर्णाचाही रंग चढला आहे. कृष्णवर्णीय रॅप गायक टुपाक शकूर यांनी १९९० च्या दशकात ‘थग लाइफ’ हे नाव अभिमानाने मिरवले. उलट २०१५ मध्ये बाल्टिमोरच्या दंगलीनंतर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी दंगेखोरांना ‘थग’ म्हटले, तेव्हा हा शब्द कृष्णवर्णीय तरुणांना हिणवण्यासाठी वापरला जातो, असा आक्षेप अनेकांनी घेतला. म्हणून इंग्रजी बातमीचे भाषांतर करताना मी तिथे ‘ठग’ लिहीत नाही, ‘गुंड’ लिहितो, आणि तोही कोणाला उद्देशून आहे हे पाहूनच.